फाटकाबाहेरची ओटिली

ओ ताई, थांबा! ते पांढरे बूट तसेच घेऊन आत नका शिरू. आधी ह्या औषधाच्या पान्यात तळवे बुडवा, ब्रशानं घासा. तुमचे साहेबबी घासतील. घासा साहेब, लाजू नका, हितं कुनी फोटो काढत न्हाई.

काय म्हनता? देऊळ हाय का हे? देवळापरीस कडक हाय. देवळात नुसते बूट काढले तरी भागतं.

ह्याच्यामागं एक गोष्ट सांगतात हितले लोक. चला, लावा डोकं. शेवट आधीच वळखून दाखवा. आजवर कुनाला जमला न्हाई. माझ्या सुनेलाबी न्हाई, आन् तिला तर मी तोंड उघडायच्या आधीच कळतं मी काय मागनार ते.

ह्या साऊथ ऑस्ट्रेलियात मातीचे लई नखरे. कुठं काळी भेगाळनारी, कुठं नुसती वाळू. ह्या लिंडनबाख गावाची तांबडी, खाली पांढरी चुनखडी. आन् ह्या वेली बघा, माझ्यापरीस म्हाताऱ्या. आपल्या निफाडला आपन डॉगरिजच्या, म्हंजी रानद्राक्षाच्या, खुंटावर कलम बांधतो. ह्या सोताच्या मुळावर उभ्या हायेत. कारन मुळं खानारी, बुटाच्या मातीतनं फिरनारी ऊ हितं पोचलीच न्हाई. शेजारच्या व्हिक्टोरियात ती आली तवा सरकारनं बागा उपटून जाळल्या. हितं का न्हाई आली? ओटिलीमुळं, असं सांगतात.

ओटिली म्हंजी हितल्या जुन्या जर्मन लोकांतली बाई. तिनं आन् तिच्या नवऱ्यानं, गॉटलिबनं, दगड फोडून ही बाग लावली. एकच लेक, हेडविग. ती व्हिक्टोरियात दिली. पाठवनीला आईनं बागेतली एक काडी वल्या गोनपाटात बांधून दिली म्हने. म्हनली, "ही मरू देऊ नगं. ही जिती तवर तुझं माहेर जितं."

पुढं त्या उवेची बातमी आली. गावानं ओटिलीला गावात शिरायच्या ह्याच फाटकावर बसवलं, कारन तिच्याइतकी हट्टी दुसरी कुनी नव्हती. तिनं देवळात शपथ घेतली, तिकडची माती आत येनार न्हाई, मानूस कुनीबी असो. शेजारचा एर्न्स्ट तिकडून आला, आई वारली म्हनून. त्यालाबी तिनं बाहेरच ठेवला. आईची माती झाली, आन् ते पोरगं कुंपनाच्या तारंला धरून रडत व्हतं.

आन् मग एके दिवशी हेडविग आली. बाग जळालेली, नवरा दुसऱ्या बाईसंगं पळालेला, अंगात ताप. पदराखाली, म्हंजी त्यांच्या त्या झग्याखाली, मातीचं मडकं. मडक्यात माहेरची वेल. सगळं जाळायला आलेल्या शिपायांपासनं तेवढीच लपवून आनली व्हती.

"आई, बघ. मरू दिली न्हाई."

ओटिलीनं पान वळखलं. पन कडी काढली न्हाई. म्हनली, "ते तिथंच जाळ आन् मग ये."

"आगं, तुझीच वेल हाय ही!"

"वेल माझी. माती तिकडची."

पोरगी काय मडकं सोडंना. माहेरची वेल माहेराला परकी कशी, हे तिच्या डोक्यातच शिरंना. तशीच उभ्या उभ्या चक्कर येऊन पडली. मडकं फुटलं.

आता सांगा, आईनं काय केलं? ताई म्हनतात लेकीला आत घेतलं. साहेब म्हनतात तशीच पडू दिली. दोघंबी चुकले.

ओटिली सोता बाहेर गेली. लेकीला मांडीवर घेतलं. माती हाताला, झग्याला, केसांत. मग लेकीच्या देखत ती वेल जाळली. गॉटलिब धावत आला, त्यानं फाटक सताड उघडलं. सगळं गाव म्हनलं, बाई, पानी घे, धू, ये आत. कुनी नाव ठेवनार नव्हतं.

ओटिलीनं अजून तारंबाहेरच असलेल्या एर्न्स्टकडं बघितलं, आन् बाहेरून कडी लावली.

किती धुतलं म्हंजी ऊ मरती, हे त्या काळी कुनाला ठाऊक नव्हतं. फाटकाबाहेर तिनं खोपटं बांधलं. लेक बरी झाली, समुद्राकडं जाऊन नव्या संसाराला लागली. ओटिली हालली न्हाई. तिकडं कधी न गेलेल्यांचेबी बूट आत जाताना कढत पान्यानं धुवायची. गॉटलिब सांजच्याला तारंपाशी यायचा. छाटनी कशी झाली, घड कसे भरले, ते सांगायचा. ती म्हनायची, "जास्त गोड नगं लावू, मी चाखायला येनार न्हाई."

तो गेला, त्याला वेलींच्या मधीच पुरला. ही तारंबाहेर उभी. पेटीवर माती पडल्याचा आवाज तेवढा ऐकला म्हने.

काय म्हनता ताई? मेल्यावर तरी आत नेली असंल? गावानं लई इचार केला तसा. पन तिनं आधीच सांगून ठेवलं व्हतं, मेल्यावर नखांतली माती आपोआप निघती व्हय?

आजही बघा, तो दगड आत, त्याचा. हा बाहेर, तिचा. मधी तार.