केरबानं पडदा पाडला

एका विद्यापीठात पुष्कळ शहाणे होते आणि एक भोळा पडदेवाला होता. त्याचं नाव केरबा. शहाण्यांचं काम काय, ते कुणाला नीट सांगता येत नसे. केरबाचं काम सोपं होतं. नाट्यगृहाच्या पडद्याची दोरी ओढायची आणि सोडायची.

दर थंडीत विद्यापीठात नाटकांचा आणि नाचांचा हंगाम भरे. त्या वर्षी केरबा नवा होता आणि नोकरी कच्ची होती. गावातल्या हिंदुरावतात्यांची हौसा त्याच्या मनात भरली होती. हौसालाही तो पसंत होता. पण तात्यांनी मिशीवरून हात फिरवत सांगून टाकलं, "आधी नोकरी कायम हुंदे. मग पोरगी."

तेव्हा केरबानं ठरवलं, डोईफोडे सर सांगतील ते मुकाट ऐकायचं. डोईफोडे सर म्हणजे नाट्यविभागाचे प्रमुख. माणूस भला, पण रागावला की टाळू लाल व्हायची.

पहिल्या दिवशी नाच होता. एका मुलीच्या पायातले घुंगरू सुटून पडले आणि मागची मुलगी त्यांच्यावरून घसरली. केरबा दोरी धरून कौतुकानं बघत होता.

"अरे, बघतोस काय?" सर म्हणाले. "स्टेजवर काही पडलं, की गपचूप जायचं, उचलायचं आणि आत आणायचं."

"बरं सर," केरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ऐतिहासिक नाटक होतं. राजाला बाण लागला. राजा पडला. मरता मरता त्याला लांबलचक भाषण करायचं होतं. तो "माझ्या प्रजाजनहो" एवढं म्हणतो न म्हणतो, तोच केरबा रांगत आला आणि त्यानं राजाचे पाय धरून त्याला फरफटत आत नेलं. उरलेलं भाषण राजानं विंगेतून केलं. मुकुट तेवढा स्टेजवर राहिला होता. तोही केरबानं परत येऊन नेला.

सरांची टाळू लाल झाली. "अरे, ते सोंग होतं! स्टेजवर माणूस पडला तर हात लावायचा नाही. दुसऱ्यालाही लावू द्यायचा नाही. पडदा पडला, की तो आपला आपण उठतो."

"बरं सर."

तिसऱ्या दिवशी लोकनृत्यं होती. त्याआधी कुलसचिवांचा सत्कार होता. कुलसचिव भारी देहाचे. अंगावरची शाल पायात आली आणि ते धाडकन आपटले. लोक धावले. केरबा दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिला.

"कुणी हात लावू नका! सोंग हाय!"

"अरे मेलो, मेलो!" कुलसचिव कण्हले.

"झकास काम करत्यात," केरबा म्हणाला आणि त्यानं दोरी सोडली. पडदा पडला. कुलसचिव रागानं थरथरत खरोखरच उठून उभे राहिले.

"बघा, उठलं का न्हाई?" केरबा म्हणाला.

सर खुर्चीवर मटकन बसले. "केरबा, लेका, तुला माणुसकी आहे की नाही? कुणी कळवळून ओरडलं, रडलं, की जावं, पाणी द्यावं, धीर द्यावा."

"बरं सर," केरबा म्हणाला. त्याला फार वाईट वाटलं होतं.

शेवटच्या दिवशी शोकांतिका होती. पुढच्या रांगेत खुद्द कुलगुरू बसले होते. नवरा लढाईत पडल्याची बातमी आली आणि नायिकेनं हंबरडा फोडला. नाट्यगृह चिडीचूप झालं. बाया पदर डोळ्याला लावू लागल्या. केरबाला सरांचे शब्द आठवले. दोरी खुंटीला बांधून तो तांब्या घेऊन स्टेजवर गेला.

"रडू नको बाय. पाणी पी. तुझा नवरा कुठं मेलाय? त्यो मागं वडापाव खातोय. थांब, आणतो त्याला."

आणि त्यानं आणला. नवऱ्याच्या हातात वडापाव तसाच होता.

नाट्यगृह हसून हसून लोळलं. केरबानं पडदा पाडला, तर लोक टाळ्या थांबवेनात. काय झालं ते बघायला त्यानं पडदा वर घेतला. टाळ्या वाढल्या. त्यानं खाली सोडला, पुन्हा वर घेतला. लोक घरी जाईनात.

कुलगुरू डोळे पुसत म्हणाले, "डोईफोडे, शोकांतिका असावी तर अशी! या माणसाला उद्याच कायम करा."

सरांनी केरबाला बाजूला घेतलं आणि हात जोडले. "बाबा, आता एकच लक्षात ठेव. पडदा पडला, की कार्यक्रम संपला. मग कुणाचं काही ऐकायचं नाही. लोकांना वाटेला लावायचं आणि आपण सरळ घरी जायचं."

"बरं सर," केरबा म्हणाला. हे त्यानं अगदी मनावर घेतलं.

नोकरी कायम झाली. तात्या शब्दाला जागले. मांडव पडला, सगळं विद्यापीठ जेवायला आलं. केरबा आणि हौसा हातात हार घेऊन समोरासमोर उभी राहिली. मध्ये अंतरपाट धरला होता. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, भटजींनी "सावधान" म्हटलं आणि अंतरपाट खाली आला.

केरबानं अंतरपाटाकडं पाहिलं. मग त्यानं हातातला हार भटजींच्या गळ्यात घातला.

"आवाज झकास लागला," तो म्हणाला आणि मांडवाकडं वळला. "चला मंडळी, पडदा पडला! कार्यक्रम संपला! मागच्या रांगंनं आधी निघा!"

"अरे, अरे!" तात्या ओरडले. "केरबा, थांब!" सर ओरडले. पण कुणाचं काही ऐकायचं नव्हतं. केरबा बाशिंग सावरत घराच्या वाटेला लागलासुद्धा.

हौसाच्या हातात हार तसाच. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण पोरगी हुशार. तिनं मोठ्यानं हाक मारली, "अवं, अजून दुसरा अंक हाय!"

केरबा जागीच थबकला. जीभ चावत लगबगीनं माघारी आला, तात्यांच्या शेजारची खुर्ची ओढून ऐसपैस बसला आणि हौसाकडं कौतुकानं बघत त्यांच्या कानाशी लागला.

"पोरगी काम झकास करतीया, तात्या. पण नवरदेवाचं काम कोण करतंय?"