दगडाखालचे मासे

माणसाला गळ माहीतही नव्हता, तेव्हा एका ओढ्यावर बगळा, खंड्या आणि पाणमांजर रोज सकाळी मिळून मासे धरत. एकदा बगळा चिडला. "पाणमांजरा, किती हा धिंगाणा! तुझ्यामुळे सगळे मासे पळतात."

पाणमांजर मुकाट्याने काठावरच्या चिखलात जाऊन बसलं.

ओढा नितळ झाला. मासे दगडांखाली निवांत पडून राहिले. ऊन चढलं, बगळ्याचा पाय आखडला, तरी चोच रिकामीच. फांदीवरून खंड्या म्हणाला, "अरे, ते पळतात तेव्हाच तर आपल्याला सापडतात!"

 बगळा मान न वळवताच म्हणाला, "पाणमांजरा, पाय चिखलाने भरलेत तुझे. ये, धुऊन घे. आणि हे बघ, जरा जोरात धू."