फुटाणे न मावणारा बदाम

“पण यात चूक काय, ते तरी सांगाल का, मावशी?”

बेंजामिन मास्तरांनी तिसऱ्यांदा विचारलं. ताबीथामावशी ओसरीवर सूप घेऊन फुटाणे पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मास्तरांच्या तळहातावर पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा, कागदाचा बदाम होता. तांबड्या आणि पांढऱ्या घोटीव कागदाच्या पट्ट्या एकमेकींत गुंफून केलेला.

नाताळात चर्चमधल्या सुरूच्या झाडाला असे चाळीस बदाम टांगायचे आणि उपासना संपली की पोरांना एकेक उतरवून द्यायचा, ही त्या गावची रीत. फार वर्षांमागं मिशनच्या दवाखान्यात डेन्मार्कहून एक नर्सबाई आली होती. तिनं ही कला एकट्या ताबीथाला शिकवली आणि ती आपल्या मुलखाला निघून गेली. तेव्हापासून बदाम करावेत ते मावशींनीच.

आता मावशी थकल्या होत्या. आपल्यामागं हे काम कुणी करायचं, ते यंदा सांगणार होत्या.

ते आपल्याकडंच यावं म्हणून मास्तरांचा जीव टांगणीला लागला होता. शाळेत तीस वर्षं हस्तकला शिकवली, चटईकामात जिल्ह्यात पहिला नंबर मिळवला. पण येत्या जूनमध्ये निवृत्ती. पुढं आपल्या हातांना कोण विचारणार? ही धास्ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती.

“नऊ पट्ट्या घातल्यात, मावशी. तुमच्या बदामाला चारच असतात.”

“मोजता येतं वाटतं मास्तराला.”

“कडा बघा. सगळं कसं सुतात आहे. तुमचा तर...”

“थांबलास का? वाकडा म्हण की! माझ्या वाकड्या बदामांवर या गावाच्या दोन पिढ्या वाढल्या. त्यात तूही आलास.”

मास्तरांनी आपल्या बदामाची कड नखानं उगाच सारखी केली.

“आजवर तिघी आल्या शिकायला. तिघी रडत घरी गेल्या. तू रडू नकोस बाबा, एवढ्या मिशीला शोभायचं नाही.”

“मी शिकायला नाही आलो, मावशी. दाखवायला आलोय.”

“असं? मग धर नीट.”

मावशींनी सुपातले मूठभर फुटाणे उचलले आणि त्या बदामावर सोडले.

फुटाणे टपाटप ओसरीवर पडले, ओसरीवरून अंगणात घरंगळले. कुठून कुठून कोंबड्या धावत आल्या.

“अहो, वरून ओतल्यावर सांडणारच!”

“मग आत घाल.”

मास्तरांनी बदामाचं तोंड शोधलं. या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं. तोंडच नव्हतं. पुढची बाजू मागचीला अशी घट्ट चिकटून बसली होती, की नख शिरेना.

मावशींनी कोनाड्यातला आपला बदाम काढला. चार पट्ट्यांचा, एका अंगाला कललेला. दोन बोटांनी दाबला. तो पिशवीसारखा फुगला. मूठभर फुटाणे आणि दोन बत्तासे, नाताळात पोरांना मिळायचे तेवढे, आत गेले, वर जागा उरली.

मास्तरांचे कान तापले. एक खाली, एक वर... तीस वर्षं हेच पोरांकडून घोकून घेतलं होतं. बोटांनी आपोआपच चटई विणून टाकली होती.

“कसं करायचं, सांगा.”

“याच्या पोटात तो, त्याच्या पोटात हा.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? याच्या पोटात तो! त्याच्या पोटात हा!” मावशी ओरडून म्हणाल्या. ओरडल्यानं कळतं, अशी त्यांची समजूत असावी.

मास्तरांनी नवा कागद घेतला. चटई झाली. पुन्हा घेतला. पुन्हा चटई.

“अरे, सोपं तर आहे! बोटांना कळतं ते. तोंडानं काय सांगू मी?”

तोवर कोंबड्यांनी अंगण साफ केलं.

मास्तर खाली, पायरीवर येऊन बसले.

“मावशी, तुमचा बदाम उसवून पाहू?”

मावशींचं सूप थांबलं. असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी बदामातला खाऊ सुपात ओतला आणि बदाम मास्तरांच्या हाती दिला.

मास्तरांनी एकेक पट्टी मागं सोडवली. पुन्हा गुंफली. चुकली. सोडवली. पुन्हा चुकली... आणि मग ते मध्येच थांबले.

“दुपदरी आहे! प्रत्येक पट्टी दुपदरी आहे, मावशी. मी तिला सपाट धरत होतो. एकदा ती समोरचीच्या पोटातून जाते, आणि पुढच्या खेपेला समोरचीला आपल्या पोटातून जाऊ देते. दोन्ही केलं तरच तोंड उघडं राहतं.”

“परत सांग.”

त्यांनी परत सांगितलं. मावशींनी बोटं हवेत फिरवून पडताळून पाहिलं.

“अगं बाई! असं करते होय मी?”

दोघंही हसत सुटले. मास्तरांचा नवा बदाम चारच पट्ट्यांचा झाला, तोही तिरका. दाबल्यावर फुगला. मास्तरांनी स्वतःच्या हातानं त्यात फुटाणे भरले. एकही सांडला नाही.

मावशींनी कात्री आणि कागदाचा सगळा गठ्ठा पुढं सरकवला.

“घे. आजपासून हे तुझ्या घरी. रविवारी चर्चमध्ये सांगते सगळ्यांना.”

मास्तरांनी गठ्ठा लगेच उचलला नाही. आवाज खाली आणून म्हणाले, “मला कशाला, मावशी? मी तर चटई घेऊन आलो होतो. नाही म्हटलं तरी पाच वेळा चुकलो.”

“पाच वेळा?” मावशी म्हणाल्या. “भाग्यवान आहेस. त्या तिघींना काय सांगणार होते मी? मला मेलीला एकदाही चुकता आलं नाही.”