रंगाऱ्याच्या अंगणातली वाट

बकुळा बुरुडिणीने घर विकत घेतलं, पैसे चुकते केले, किल्ली कमरेला खोचली आणि सासूचा हात धरून नव्या घरी निघाली, तर हरबाशेट रंगारी फाटकात आडवा उभा!

"इकडून कुठे? हे अंगण माझं."

"शेट, घर तुम्हीच विकलंत ना? ते या अंगणामागेच आहे."

"घर विकलं. अंगणातली वाट कुठे विकली? कागद वाचून घे."

कागदात खरंच वाट नव्हती. कालपर्यंत पुढचा रंगाचा कारखाना आणि मागचं घर, दोन्ही हरबाशेटचीच होती. मग वाट लिहायची कुणाला आठवणार? घर बघायला गेलेला माणूस कौलं बघतो, चूल कुठे मांडायची ते बघतो. आपण आलो ती वाट कोण बघतो? घरामागे खोल ओढा होता, डावीकडे देवळाची भिंत, उजवीकडे तांबटाची. बारा वर्षं सुपं-टोपल्या विणून घेतलेलं घर समोर दिसत होतं आणि जाता येत नव्हतं.

"उगाच जिवाला त्रास नको," शेट गोडीने म्हणाला. "निम्म्या किमतीत मी परत घेतो."

बकुळा तडक दरबारात गेली, मागोमाग शेटही. आता कांदरपूरच्या राजेसाहेबांचं एक होतं. लिहिलं तेवढंच खरं! एकदा मुदपाकखान्याच्या यादीत मीठ लिहायचं राहिलं, तर स्वारीने महिनाभर अळणी खाल्लं, पण यादीला हात लावू दिला नाही.

त्यांनी कागद वाचला. "वाट लिहिलेली नाही. नाही म्हणजे नाही."

"मग महाराज, मी घरात जाऊ कशी?"

"उडून जा," राजेसाहेब म्हणाले आणि सगळा दरबार हसला. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांचं बोचकं धर्मशाळेत पडलं होतं आणि गुडघे सुजले होते.

राजेसाहेबांना जरा मौज वाटली. "आठ दिवस देतो. शेटने आपण होऊन वाट लिहून दिली, तर वाट तुझी. पण त्याच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही आणि त्याच्याशी अवाक्षर बोलायचं नाही. नाही जमलं, तर निम्म्या किमतीत घर परत कर."

हरबाशेटने मिशीवरून हात फिरवला. तो कशाला आपण होऊन देतोय! बकुळा मात्र उठली नाही.

"एक विचारते, महाराज. जे लिहिलेलं नाही, ते कुणालाच मिळणार नाही ना?"

"कुणालाच नाही. मलासुद्धा नाही."

"मग तेवढं लिहून द्या."

राजेसाहेब खूश झाले. चिटणिसाने लिहिलं, मोहर उमटली.

दुसऱ्या दिवशी बकुळेने बांबूची शिडी बांधली, तांबटाच्या पाया पडून त्याच्या भिंतीवरून ती आपल्या परसात उतरली. "आठ दिवस वापर," तांबट म्हणाला, "पुढे मला भिंत बांधून काढायची आहे." सासूबाईंना शिडी चढणं शक्यच नव्हतं. त्या धर्मशाळेतच राहिल्या.

परसात शेटच्या अंगणाच्या भिंतीच्या बुडाशी एक मोरी होती. शेटच्या कारखान्याचं पाणी तिच्यातून येऊन ओढ्याला जायचं. बकुळेने तिच्या तोंडात बांबूचा भुसा कोंबला, वर चिखल लिंपला आणि सावलीत बसून सूप विणायला घेतलं.

तिसऱ्या दिवशी शेटच्या गड्यांनी हंडे उपसले. लाल पाणी, निळं पाणी, हळदी पाणी, सगळं अंगणात तुंबलं. गडी घोट्यापर्यंत निळे झाले, पांढऱ्या बैलाला हिरवे पाय फुटले आणि राजेसाहेबांच्या दसऱ्याच्या फेट्याचं कापड गढूळ पाण्यावर तरंगू लागलं. हरबाशेट बोंब मारत दरबारात धावला.

फेट्याचं नाव निघताच राजेसाहेब स्वतः आले आणि फाटकातून आत पाऊल टाकताच जोड्यांसकट पाण्यात गेले.

"मोरी कुणी बुजवली?"

"मी बुजवली, महाराज." बकुळा भिंतीपलीकडे शिडीवर उभी होती.

"आत्ताच्या आत्ता उघड!"

"उघडते. पण मोरी कुठल्या कागदात आहे?"

चिटणिसाने कागद दोनदा वाचला. घर होतं, परस होतं, पेरूचं झाडसुद्धा होतं. मोरी नव्हती.

"म्हणजे माझ्या परसातून पाण्याला वाट लिहिलेली नाही," बकुळा म्हणाली. "आणि लिहिलेलं नाही ते कुणालाच मिळत नाही, हे मात्र लिहिलेलं आहे."

चिटणिसाने मान डोलावली.

"अगं, मग मी पाणी नेऊ कुठून?" हरबाशेट रडकुंडीला आला. बकुळा गप्प.

"बोल ना!"

"महाराज, शेटशी बोलायची मला बंदी आहे. तुम्हीच त्यांना सांगा, पाण्याला उडून जाऊ दे."

दरबारात दिलेला आपलाच सल्ला राजेसाहेबांनी बरोबर ओळखला. त्यांच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या.

"देतो! वाट लिहून देतो!" हरबाशेट ओरडला. "मोरीच्या बदल्यात वाट!"

"आपण होऊन देतोस ना?"

"आपण होऊन, महाराज! कापड चाललं माझं!"

चिटणीस हंड्याच्या काठावर बसून लिहू लागला. बकुळा शिडीवरून सांगत होती. "बांबूची गाडी जाईल एवढी रुंद लिहा. आणि नुसतं बकुळेला लिहू नका, या घरात पुढे जो कोणी राहील त्याला लिहा. मोरीचंही तसंच लिहा, शेटच्या नातवंडांना भांडण नको."

शेटने सही केली.

"झालं ना?" राजेसाहेब म्हणाले. त्यांचे पाय आता जांभळे दिसत होते. "आता तरी मोरी उघड, बाई."

"उघडते, महाराज. शाई वाळली की लगेच."

राजेसाहेब इतके हसले की त्यांना चिटणिसाच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. मग त्यांनी कागद हातात घेतला आणि ते पाण्यात उभं राहून स्वतःच त्याच्यावर फुंकर घालायला लागले. फुंकरता फुंकरता हुकूमही देऊन टाकला की, यापुढे कांदरपुरात घराचा प्रत्येक कागद आधी बकुळेला वाचून दाखवायचा आणि दर कागदामागे एक रुपया तिला द्यायचा.

"हुकूम छान आहे, महाराज," बकुळा म्हणाली. "तेवढं लिहून द्या."

संध्याकाळी मोरी वाहू लागली तेव्हा सासूबाई काठी टेकत फाटकातून आल्या. अंगण अजून ओलं होतं. त्या सावकाश सबंध अंगण चालून गेल्या, उंबरा ओलांडला, आणि नव्या घरात त्यांच्यामागे लक्ष्मीची लाल पावलं उमटत गेली.