जितकी चाल, तितके दगड

मुलांनो, सह्याद्रीतल्या एका दाट रानातले सगळे प्राणी डोंगराच्या अलीकडे राहत आणि पोटासाठी डोंगराच्या पलीकडे जात. अलीकडे सावली होती, गुहा होत्या, पिले दडवायला दाट जाळ्या होत्या. हिरवे गवत, फळझाडे आणि बारमाही नदी मात्र पलीकडे. मधून जायला वाट एकच, खिंडीतली. तिच्या एका अंगाला उभा कडा आणि दुसऱ्या अंगाला खोल दरी. पावसाचे पाणी दरवर्षी तिची माती ओढून नेई आणि उरलेल्या दिवसांत रानातले झाडून सारे खूर तिला तुडवत. त्यामुळे तिला सतत दगडांची भर घालावी लागे.

ती सोय पूर्वी फार सोपी होती. खिंडीच्या तोंडाशी एक झरा होता. चढण चढून धापा टाकत आलेला प्रत्येक जण तिथे पाणी पिई आणि पाणी प्यायल्यावर एक दगड ढकलत आणून झऱ्याकाठी ठेवी. ज्याच्या फेऱ्या जास्त त्याची तहान जास्त, आणि त्याचे दगडही जास्त. मोजामोजी कोणाला करावी लागत नसे. एक साळिंदर होते, ते हे दगड नेऊन खचलेल्या जागी बसवी, वर माती चेपी आणि पुन्हा आपल्या बिळात जाऊन झोपे.

मग रानडुकरांना एक वेल सापडली. तिचे खोड दाताने फोडले की आतून गोड पाणी गळे. डुकरे घराजवळच पाणी पिऊन निघू लागली. झऱ्याशी थांबायचे कारण उरले नाही, तसे दगड द्यायचेही उरले नाही. त्यांचे पाहून अस्वलांनी वेल शोधली, मग कोल्ह्याने. कोणी विचारलेच, तर रानडुक्कर नाक वर करून सांगे, "आम्ही झऱ्याचं पाणी पीतच नाही. मग दगड कशाबद्दल द्यायचा?" झऱ्याकाठचा ढीग बसत गेला, आणि कड्याच्या वळणावर वाट दरीच्या बाजूने खचू लागली.

रानाचा कारभार एका म्हाताऱ्या गव्याकडे होता. त्याने सगळ्यांना वडाखाली बोलावले. साळिंदर आधीच काटे फुलवून बसले होते. ते म्हणाले, "दगड पाण्याचा नव्हताच कधी. दगड वाटेचा होता. पाणी कोण कुठलं पितो याच्याशी मला कर्तव्य नाही. जो वाटेवर जितका चालेल, त्यानं तितके दगड द्यावेत. एवढंच."

आता तुम्हाला वाटेल, यावर सगळ्यांनी माना डोलावल्या असतील आणि गोष्ट संपली असेल. शहाण्यांच्या रानात ती संपलीही असती. इथे तर कुठे तिला सुरुवात होत होती.

पहिल्यांदा हरिणी उठली. "साळिंदरदादा, मी लांब राहते ते काही हौसेनं नाही. खिंडीजवळच्या जाळ्या डुकरांनी आणि अस्वलांनी धरल्या, म्हणून पाडसाला घेऊन मी पार खालच्या ओढ्याकाठी गेले. त्यांनी मला लांब लोटायचं, आणि लांबून येते म्हणून जास्त दगड मीच द्यायचे? शिवाय माझी पावलं बघा आणि गवेआजोबांची बघा. वाट खचते ती कोणामुळं?"

तिचे म्हणणे खरे होते. साळिंदराने जरा विचार केला आणि म्हटले, "बरोबर आहे. मग चालीबरोबर वजनही धरू."

गव्याने घसा खाकरला. "वजनाचा विषय जरा नाजूक आहे. तो पुढच्या सभेत घेऊ."

पुढच्या सभेत कोल्हा उठला. "सगळं मान्य. पण चाल मोजणार कोण?"

"टिटवी बसेल खिंडीत," साळिंदर म्हणाले. "येणाऱ्याजाणाऱ्यावर तिची नजर असतेच."

"म्हणजे मी कधी निघालो, कुठं गेलो, कोणाकडं थांबलो, हे टिटवीला कळणार? आणि टिटवीला कळलं म्हणजे साऱ्या रानाला कळलं! छे, छे. वाटेची डागडुजी करा, पण माझ्या मागं पहारा लावू नका."

यावर अस्वल म्हणाले, "टिटवी बोलणार नाही अशी तिला शपथ घालू." टिटवी तिथल्या तिथे ओरडली, "मी बोलते असं कोण म्हणालं? कोण म्हणालं? कोण म्हणालं?" आणि संध्याकाळपर्यंत सभेत दुसरे काही ऐकूच आले नाही.

त्याच्या पुढच्या सभेत झऱ्यावर पाणी पिणाऱ्यांनी विचारले, "आम्ही पाण्याचा दगड देतोच. आता चालीचाही द्यायचा, म्हणजे दोनदा?" हा प्रश्नही रास्त होता. साळिंदराने सांगितले, "पाण्याचा बंद करू, चालीचा सुरू करू." लगेच रानडुक्कर उसळले. "वा रे वा! वेल शोधायचे कष्ट आम्ही केले, झऱ्यावरची गर्दी आमच्यामुळं कमी झाली, आणि त्याची शिक्षाही आम्हालाच?" गवा म्हणाला, "दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पुढच्या सभेत पाहू."

मुलांनो, यातली खरी चीड आणणारी गोष्ट कोणती, सांगू? त्या वडाखाली जवळजवळ कोणीच खोटे बोलत नव्हते. प्रत्येकाजवळ एक खरे कारण होते. प्रत्येक जण आपले खरे कारण घेऊन येई, मांडी आणि दगड न देता त्याच खचलेल्या वाटेने घरी जाई.

शेवटी साळिंदराचेही डोके फिरले. "नियम होईपर्यंत मी एक दगड बसवणार नाही!" असे म्हणून ते बिळात जाऊन बसले. झऱ्याकाठी थोडेफार दगड अजून पडत होते, तेही तसेच पडून राहू लागले. इतके दिवस साळिंदराची बाजू बरोबर होती. त्या दिवसापासून तीही राहिली नाही.

ऊन तापू लागले. एके सकाळी हरिणी पाडसाला घेऊन वळणावरून जात असताना कडेची माती सुटली आणि पाडसाचे मागचे दोन्ही पाय दरीवर लोंबकळले. हरिणीने त्याच्या मानेची कातडी दातांत धरली, कसेबसे त्याला वर ओढले आणि ती तशीच धावत वडाखाली आली. सभा चालूच होती. कसली, ते आता कोणाला नीट आठवत नाही.

"मला जास्त दगड द्यायला लावणार ना? लावा!" ती म्हणाली. "अन्याय होतोय तर होऊ दे. त्याच्यावर मी नंतर भांडेन, अगदी कडाकडा भांडेन. पण आज काहीतरी ठरवा! माझं पोर आत्ता दरीत गेलं असतं!"

रानडुक्कर शेजारच्या अस्वलाच्या कानाशी लागले. "काल नाही म्हणत होती, आज हो म्हणतेय. हिचा यात काहीतरी फायदा असणार बघ."

आणि गवा शांतपणे म्हणाला, "बाई गं, तुझं दुःख कळतं मला. पण रागाच्या भरात नियम करू नयेत. उन्हाळा सरला की निवांत बसू."

उन्हाळा काही निवांत बसला नाही. एका दुपारी पायथ्याच्या वाळल्या गवतात वणवा पेटला. वारा खालून वर होता. बघता बघता ओढ्याकाठच्या जाळ्या तडतडू लागल्या आणि सारे रान एकाच दिशेला धावत सुटले, खिंडीकडे, नदीकडे. गव्याचा कळप सकाळीच पलीकडे चरायला गेला होता. गवा एकटाच मागे होता. तो चढणीला उभा राहून चुकलेल्या पिलांना वाटेला लावत होता.

रानडुकरांची दांडगी टोळी सगळ्यांच्या पुढे होती. ती वळणावरून धडधडत पलीकडे गेली, आणि तिच्या मागोमाग वाटेचा तुकडाच्या तुकडा सुटून दरीत कोसळला. मध्ये भगदाड पडले. हरणाची उडी एरवी तेवढी जाते, पण पुढची कडही ठिसूळ, तिथे पाय टेकायला जागा नव्हती. अलीकडे हरिणी, पाडस, कोल्हा, अस्वल, साळिंदर आणि धुराने खोकणारी पिलेच पिले. पलीकडे पोचलेल्या मोठ्या डुकराने मागे वळून पाहिले, तर त्याची स्वतःची पट्ट्यापट्ट्यांची पिलेही अलीकडेच राहिली होती.

"दगड!" साळिंदर ओरडले. "झऱ्यावरचे आणा! मोठे आधी!"

अस्वलाने कड्याचा धोंडा उपटला. कोल्हा नाकाने गोटे ढकलू लागला. हरिणी खुरांनी दगड लोटत झऱ्यापासून वळणापर्यंत धावत राहिली. पलीकडून रानडुकराने सुळ्यांनी जमीन उकरून माती आणि दगड भगदाडात लोटले. त्याच्या तोंडातून फेस येत होता. साळिंदर मध्ये उतरून एकेक दगड बसवत होते. कोण किती चालला, कोणाचे वजन किती, टिटवीने काय पाहिले, यातले एक अक्षर कोणी काढले नाही. वडाखालच्या एका सभेला लागे त्याहून कमी वेळात भगदाड भरले.

"लहान आधी!" गवा मागून गरजला. पिले गेली. हरिणी गेली, कोल्हा गेला. अस्वल पोट घासत, श्वास रोखून गेले. साळिंदरही गेले. दगड हलत होते, पण टिकले.

"आजोबा, चला!" हरिणी पलीकडून ओरडली.

गव्याने पुढचा एक खूर दगडांवर ठेवला. सगळी रचना करकरली आणि कडेचे दोन धोंडे दरीत गेले. त्याने खूर मागे घेतला.

"चला हो! खचलं तर खचलं, आता मागं कोणी नाही!"

"मागं कोणी नाही कसं? ससे अजून धावत येतायत." गव्याने मान वळवून धुराकडे पाहिले. "त्यांना जाऊ दे. आणि बाई, हे दगड मला पेलायचे नाहीत. वजनाचा विषय मीच पुढं ढकलला होता ना?"

ससे आले आणि टणटण उड्या मारत पार झाले. तोवर झऱ्याजवळची झाडे पेटली होती. गवा वळला आणि झऱ्याच्या चिखलाकडे निघाला. धूर मध्ये आला. त्यानंतर त्याला कोणी पाहिले नाही.

वणवा विझल्यावर सगळे नदीच्या वाळूत जमले. मग, तुम्हाला खोटे वाटेल, पण रानडुक्कर म्हणाले, "आता डोंगराच्या त्या अंगाला सगळं जळालंय. तिकडं जाणार कोण? मग वाटेला दगड तरी कशाला?"

हरिणी चालत त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. "पावसाळ्यात तिकडं पालवी फुटेल. जाळ्या वाढतील. तुझी पोरं तिकडंच जन्मली, तिकडंच लपतील. तेव्हा तू त्या वळणावरून जाशील की उडत जाशील?"

रानडुकराने मान खाली घातली. सूर्य मावळायच्या आत नियम झाला. जो जितका चालेल, त्याने तितके दगड द्यावेत. जड असेल त्याने मोठे द्यावेत. ज्याची पिले दूध पितात, त्याला थोडी सूट. टिटवीने फक्त फेऱ्या मोजाव्यात, फेरी कुठली ते सांगू नये. नियम काही फार सुबक नव्हता. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी त्यातल्या चुका काढल्या, आणि त्यातल्या काही पुढे सुधारल्याही. साळिंदर मात्र आता कोणाची वाट न बघता पहाटे खिंडीत हजर असते.

सगळ्यात जास्त दगड आजही हरिणीच आणते, कारण ती अजून लांबच राहते. "हा माझ्यावर अन्याय आहे," असे ती दर फेरीला म्हणते, आणि त्यात थोडे तथ्यही आहे. पण दगड खुराने ढकलायचा असतो, त्यामुळे तिचे तोंड मोकळे असते. ती भांडत भांडत चढण चढते आणि दगड जागेवर नेऊन ठेवते.

तात्पर्य : सर्वांच्या सोयीची वाट सर्वांच्याच पायांनी झिजते. तिचा भार कोणी किती उचलावा, यावर जरूर भांडावे. पण भार उचलून भांडावे. आपण बसून वाद घालतो तेव्हा वाट काही कोणाची वाट पाहत नाही.