मागचं खोकं

"सगळं मान्य आहे, वस्ताद. पण एवढं जबर इंजिन, आणि त्याच्या मागं हे खोकं कशाला?"

रणधीर इंगवले गाडीच्या लांबलचक पाठीवर थोपटत विचारत होता. बाजारात म्हैस बघायला आलेला माणूस थोपटतो तसा.

बाबालाल मुजावर, म्हणजे वस्ताद, स्टुलावर बसून चहा फुंकत होते. घाटाच्या पायथ्याला त्यांचं गॅरेज. रणधीर सहा वर्षं त्यांच्या हाताखाली गाडी शिकला आणि सातव्या वर्षी गाड्यांच्या रॅलीत उतरला. आता त्याच्याकडं कप होते, फोटो होते आणि कायम कुठंतरी जायची घाई होती.

गाडी जपानी, स्टेशन वॅगन, म्हणजे मागं सामानाला लांबरुंद जागा असलेली. साखर कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या एका जपानी साहेबानं आणलेली. परत जाताना त्यानं किल्ली वस्तादांच्या हातावर ठेवली, त्याला तीसेक वर्षं झाली. तेव्हापासून त्या स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

रंग शेवाळी, तोही उडालेला. रस्त्यात कुणी वळून बघणार नाही. नीट बघितलं तर बॉनेटवर हवा ओढणारी एक नाकपुडी दिसते, आणि आत इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो आहे हे कळतं. ताकद चारही चाकांना. एक घसरलं तर बाकीची सांभाळून घेतात. मी तिला चिखलातून चढताना बघितलं आहे. खरं सांगतो, ज्यांनी ती बनवली त्यांना तिथल्या तिथं हात जोडावेसे वाटले.

रणधीरला मात्र गाडी नको होती. तिचं इंजिन हवं होतं.

पुढच्या महिन्यात रॅली होती. गेल्या वर्षी तो दुसरा आला होता, आणि ते दुसरेपण वर्षभर त्याच्या घशाशी अडकलं होतं. हे इंजिन काढायचं आणि आपल्या हलक्या गाडीत बसवायचं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. पहाटेपासून हिंडून टेम्पो मिळवला, इंजिन उचलायची चेन-पुली मिळवली. वस्तादांना विचारायचं तेवढं राहिलं होतं.

"द्याल ना?"

"देतो की."

रणधीर लगेच बॉनेट उघडायला वळला.

"फकस्त एकदा घाटमाथ्यापतोर जाऊ," वस्ताद म्हणाले. "मग काढ."

रणधीरनं ड्रायव्हरच्या दाराला हात घातला.

"तिकडं न्हाई. मागं."

वस्तादांनी मागचं दार वर उचललं. मागची सीट पाडून जागा सपाट केलेली होती. वर एक गोधडी.

"आडवा हो."

"...मी?"

"दुसरं कोन हाय हितं?"

रॅलीतला दुसरा नंबर गोधडीवर आडवा झाला. डोकं पुढं, पाय दाराकडं. चांगला सहा फुटी गडी, पण कुठं दुमडावं लागलं नाही.

गाडी निघाली. सवयीनं त्यानं मनगटावरच्या घड्याळाचं वेळ मोजायचं बटण दाबलं.

या घाटात त्याची सगळ्यात चांगली वेळ बारा मिनिटांची. तीही कोरड्या रस्त्यावर, लख्ख उन्हात. आदल्या दिवशी सरावाला त्यानं वस्तादांना मोठ्या हौसेनं शेजारी बसवलं होतं. तिसऱ्या वळणावर ते "थांबव" म्हणाले, उतरले आणि चालत गॅरेजवर परत गेले. का, ते त्यानं विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

रात्रीच्या पावसानं आज रस्ता उकरलेला. सगळीकडं लाल चिखल आणि वर धुकं.

आडव्या माणसाला रस्ता दिसत नाही. छत दिसतं, काचेतून मधूनच झाडाचा शेंडा दिसतो. इंजिन ओरडत नव्हतं, खालच्या पट्टीत गुणगुणत होतं. चढ लागला की टर्बो लांब श्वास ओढायचा आणि अंग किंचित पायांकडं सरकायचं. चाकं घसरतही असतील. कुठलं घसरलं आणि कुणी सांभाळलं, काही कळत नव्हतं.

छताला एक वाकवलेली तार होती. तिला सुतळीचं वेटोळं लोंबत होतं.

"वस्ताद, ही तार कशाला?"

"सलाईनला."

...

वळणामागून वळण जात होतं. वेटोळं जेमतेम हलत होतं.

"कोण कोण झोपलं इथं?"

"वाडीवरच्या बाळंतिनी. एक साप चावलेला. हातपाय मोडलेले तर लई."

"सगळे पोचले?"

वस्तादांनी गिअर बदलला.

"तू पडून ऱ्हा."

पुढचं रणधीरला नीट सांगता येत नाही. त्याचा डोळा लागला. रॅलीवाला माणूस, घाटात, दिवसाढवळ्या.

गाडी थांबली तेव्हा जाग आली. काचेतून दवाखान्याचं फाटक दिसत होतं. म्हणजे घाटमाथा आला.

त्यानं दचकून घड्याळ बघितलं. थांबवायचं बटण दाबायचं राहिलंच होतं, आकडे अजून पळत होते. अकरा मिनिटं वीस. एकवीस. बावीस...

इंजिन चालूच होतं.

"बंद करा की, वस्ताद."

"दम घिऊ दे तिला. टर्बो तापलाय."

बारा मिनिटं कधी उलटून गेली ते रणधीरनं बघितलं नाही.

"किती जोरात आणलीत?"

"मला काय ठावं?" वस्ताद म्हणाले. "मी आरशात तुझं डोस्कं बघत हुतो."

...

रणधीरनं खिशातून फोन काढला. खाली टेम्पोवाला ताटकळत होता.

"तू जा," तो फोनवर म्हणाला. "नाही... काही न्यायचं नाही."

वस्तादांनी इंजिन बंद केलं. उतरून मागं आले, दार उचललं. रणधीर खाली उतरला. गोधडी चुरगळली होती, ती त्यानं झटकली आणि कडा सरळ करून परत अंथरली.

वस्ताद बघत होते. मग त्यांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि पायातल्या चपला काढल्या.

"आता तू चालव," ते म्हणाले. "मी जरा आडवा हुतो."