कुंपणावरचे लुगडे

ही गोष्ट ऐकली ती गेल्या वर्षी, मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी दुपारी, वाईजवळच्या एका वाडीत गोधड्या शिवणाऱ्या द्वारकाबाई निगडे यांच्याकडून. त्यांनी ती आपल्या आईकडून ऐकली होती. आईने कोणाकडून ऐकली, हे त्यांना ठाऊक नव्हते. म्हणून ती जशी कानी आली तशीच, पदरचे काही न घालता, येथे दिली आहे.

फार पूर्वी एका ओढ्याकाठच्या गावात एक नवी सून नांदायला आली. घरात सर्वांत लहान म्हणून तिला सगळे धाकटी म्हणत. धाकटी कोंड्याचा मांडा करणारी होती. सासऱ्यांचा विटलेला फेटा तिच्या हाती पडला की त्याची पाळण्याची झालर होई. दिराच्या फाटक्या धोतराच्या बाजाराच्या पिशव्या होत. जुन्या पोलक्याचा असा बटवा होई की नणंदेने तो सासरी नेऊन दहा जणींना दाखवावा. सणावाराला तिने विकतची भेट कधी दिली नाही आणि तिने दिलेली भेट कोणी अडगळीत टाकली नाही. गावातल्या बायका म्हणत, "हिच्यापुढं चिंधी ठेवा, पैठणी होऊन उठेल."

हे ऐकून ऐकून धाकटीची नजर बदलली. तिला माणूस दिसण्याआधी त्याच्या अंगावरचे कापड दिसू लागले.

त्या घरात थोरल्या जावेला पुष्कळ वर्षांनी मुलगा झाला. बारसे ठरले. सासूबाईंनी धाकटीला जवळ बोलावले.

"पोराची पहिली कुंची तू शिवायची. पण कापड नवं नको. कोवळ्या अंगाला नवं टोचतं. राहीआजीच्या अंगावरचं जुनं लुगडं मागून आण. निम्मा गाव त्या सुइणीच्या हातावर जन्मलाय. तिचं वय पोराला लागू दे."

"मागून आणू?"

"मग काय, हिसकावून? हा नारळ ने आणि हे नवं लुगडं ने. हात जोड. ती देईल ते घेऊन ये."

धाकटीने मान डोलावली. मनात मात्र तिचा हिशेब निराळा होता. एका जुनेराच्या बदल्यात कोरे करकरीत लुगडे द्यायचे? ही कसली काटकसर?

दुसऱ्या दिवशी पहाटे ती ओढ्यावर धुणे घेऊन गेली. वळणावर एका काटेरी कुंपणावर काहीतरी पडलेले तिला दिसले. ते एक लुगडे होते. विरून गेलेले, ठिगळावर ठिगळ लावलेले, पण हाताला लोण्यासारखे मऊ. 'टाकूनच दिलंय कोणीतरी,' असे ती स्वतःशी म्हणाली. कुंपणापलीकडे कोणी राहते का, हे पाहण्याइतकी ती थांबली नाही. तिने लुगडे ओढून काढले, धुण्याच्या पाटीत खाली घातले आणि घरी येऊन उकळत्या पाण्यात टाकले.

"मिळालं का गं?" सासूबाईंनी विचारले.

"मिळालं."

"राहीआजीनं दिलं?"

धाकटीने चुलीतले लाकूड आत सारले. "हो, तिनंच दिलं."

नारळ आणि नवे लुगडे तिने आपल्या पेटीत तळाशी ठेवून दिले.

कुंची अशी झाली की पाहणारीने बोट तोंडात घालावे. ठिगळांपैकी एक निळे होते. धाकटीने त्याचे फूल कापून ते बरोबर माथ्यावर बसवले. बारशाच्या दिवशी ती बाळाला चढवली तेव्हा आलेल्या बायकांचे डोळे विस्फारले. थोरली जाऊ, जी सहसा कोणाचे कौतुक करत नसे, तीही म्हणाली, "धाकटे, हात सोन्यानं मढवावे तुझे."

तेवढ्यात सासूबाई उठल्या. "जिचं लुगडं, तिच्या मांडीवर पोर दिल्याशिवाय पाळण्यात घालायचं नाही. राहीआजी आल्या का? कुणीतरी बोलवा त्यांना."

"मीच जाते," असे म्हणत धाकटी कोणी निघण्याआधीच बाहेर पडली.

राहीआजीचे घर तिने पाहिलेले नव्हते. विचारत विचारत ती निघाली. वाटेत तिने बोलायचे ठरवून टाकले: आजींच्या पाया पडायचे, चूक झाली म्हणायचे, आणि 'लुगडं मीच दिलं' एवढे एक वाक्य बोलायची गळ घालायची. म्हातारी माणसे मऊ असतात, ऐकतील.

पायवाट ओढ्याकडे वळली आणि धाकटीचे पाय थबकले. समोर एक खोपट होते. खोपटाला कुंपण होते. कुंपण तेच होते.

दार आतून लावलेले होते.

"आजी! अहो आजी! मी मळेकरांची धाकटी. बारशाला चला, पाळणा खोळंबलाय."

"मी नाही यायची बाई." आतून क्षीण आवाज आला. "उघड्या अंगानं कशी येऊ?"

"म्हणजे?"

"लुगडं गेलं माझं. परवा पहाटे धुऊन कुंपणावर टाकलं. ते वाऱ्यानं नेलं की गुरानं खाल्लं, देव जाणे. गोणपाट गुंडाळून बसलेय तेव्हापासून."

धाकटीच्या तोंडून नको तो प्रश्न निघून गेला. "दुसरं नाही तुमच्याकडं?"

आत म्हातारी हसली. "दुसरं असतं तर पहिलं इतकी वर्षं कशाला नेसले असते गं?"

"मग कुणाला हाक नाही मारली?"

"कुणाला मारू? आणि काय सांगू? सुईण नागवी बसलीय म्हणून?"

दाराच्या फटीतून धाकटीला एक वाळलेला खांदा दिसला आणि त्यावर पोत्याचा काथ्या रुतल्याच्या लाल रेघा. कुंची शिवायला घेतली तेव्हापासून तिने केवढे काय काय पाहिले होते: कापडाचा पोत, काठाचा रंग, फुलाला शोभेल असे ठिगळ. हा खांदा तिने पाहिला नव्हता.

म्हातारी वाऱ्याला दोष देत होती. धाकटीने घरी जाऊन एवढेच सांगितले असते की आजींना बरे नाही, तरी भागले असते. कोणाला कधीच कळले नसते.

ती उंबऱ्याशी मटकन बसली.

"आजी, वाऱ्यानं नाही नेलं. मी नेलं."

गोणपाट सावरत म्हातारी दाराजवळ सरकली.

"तू? तुझ्या घरी काय लुगड्यांचा दुष्काळ पडलाय?"

"मला वाटलं, टाकून दिलेली चिंधी आहे."

"चिंधी," म्हातारी सावकाश म्हणाली. "बरं. आण मग माझी चिंधी."

"ती कापली. बाळाची कुंची शिवली."

"अगं बाई! कापलंस?"

धाकटी रडत म्हणाली, "आत्ता काढून आणते त्याच्या अंगावरची. उसवून, जोडून देते."

"खबरदार!" आतला आवाज एकदम चढला. "एकाला उघडं पाडून दुसऱ्याला झाकायचं, हे एकदा झालं तेवढं पुरे."

धाकटी धावत घरी आली आणि भरल्या घरात, सगळ्या बायकांसमोर, तिने एका दमात सांगून टाकले: लुगडे कुठून उचलले, खोटे काय बोलली, नारळ कुठे लपवला आणि राहीआजी कशा बसल्या आहेत. पाळण्याची दोरी ज्यांच्या हाती होती त्यांच्या हातून ती सुटली. थोरल्या जावेने बाळ छातीशी धरले. एका बाईने हळूच विचारले, "दोन दिवस त्या खोपटातून धूर निघाला नाही, हे आपल्यापैकी एकीच्याही लक्षात आलं नाही?"

"नवं लुगडं काढ आधी!" सासूबाई ओरडल्या.

धाकटीने पेटी उघडली. कोऱ्या लुगड्यावर हात फिरवला. खळ बोटांना खरखरीत लागली. तिला तो खांदा आठवला. तिने त्याच्या शेजारचे दुसरे लुगडे उचलले. ते तिच्या आईचे होते, धुऊन धुऊन सायीसारखे झालेले, आपल्या पहिल्या बाळाच्या कुंचीसाठी तिने माहेराहून आणलेले. दोन्ही घेऊन ती पुन्हा खोपटाकडे गेली. दार वीतभर उघडले. एक हात बाहेर आला, त्याने दोन्ही कापडे चाचपली आणि जुने आत ओढून घेतले.

पुढे बरेच दिवस गावातल्या बायकांनी धाकटीच्या दारात कापड पाठवले नाही. "वाळत घातलेलं आणि टाकलेलं, यातला फरक हिला कळत नाही," असे त्या तिच्या देखत म्हणत. धाकटी उलट बोलत नसे. मग तीच शिवणकाम मागत दारोदार जाऊ लागली. कोणी जुनेर पुढे केले तर कात्रीला हात लावण्याआधी विचारी, "हे कोणाचं? त्यांना विचारलंत?"

तात्पर्य: आपल्या डोळ्यांना जी चिंधी दिसते, ते कोणाचे तरी एकुलते एक वस्त्र असू शकते, म्हणून कात्री लावण्याआधी विचारावे, कारण न विचारता साधलेली काटकसर ही चोरीच होय.

एका गोष्टीची खात्री मात्र शेवटपर्यंत करता आली नाही. द्वारकाबाईंच्या मते, त्या संध्याकाळी राहीआजी बारशाला आल्या आणि बाळ त्यांच्या मांडीवर दिल्यावरच पाळणा हलला. शेजारी बसून वाती वळणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीने ते साफ नाकारले. "छे! हात बाहेर आला, लुगडं आत गेलं आणि दार लागलं. इतकंच आहे गोष्टीत," असे त्या म्हणाल्या. दोघींनी ती एकाच आईच्या तोंडून, एकाच ओसरीवर ऐकली होती.